गुडघ्यामागची सुई

कंबर दुखते, कळ पायात उतरते, मग सुई गुडघ्याच्या मागं का टोचायची? हे मी अक्काला शंभरदा विचारलं. ती हसायची आणि म्हणायची, "तू आधी पडदा सरळ कर." तिला हे शिकवलेल्या पुण्याच्या सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "बहीण आहे ना घरात? तिलाच विचार!"

आता अक्का जाऊन दोन महिने झाले. ऊस तुटून गेल्यावर रानात पाचट उरतं, तसे तिच्या दवाखान्यातले किस्से माझ्याकडं उरलेत. आवरावं म्हटलं तर वाढतच जातात.

अक्का माझी थोरली बहीण. अ‍ॅक्युपंक्चर रीतसर शिकून आलेली. बारामतीत दोन टेबलांचा दवाखाना, दर मंगळवारी इंदापूर. मी आठवीत शाळा सोडलेला. गाडी चालवायची, नावं पुकारायची, एवढंच काम. पण मनात एकच होतं : अक्कानं एकदा तरी मला पेशंटला हात लावू द्यावा. सुई राहू दे, त्या जागेवर नुसता अंगठा तरी!

ती म्हणायची, "तुझा हात म्हंजे ट्रॅक्टर हाय. बाजूला हो."

*

गुडघ्यामागं ती सुई बसली की माणूस पेंगायला लागायचा. पालथा पडलेला पेशंट, हिरवा पडदा, फरशीवर सरकणारं ऊन, पंख्याची घरघर. दुपारी तर सगळा दवाखाना पाण्याखाली गेल्यासारखा वाटायचा.

कऱ्हाटीचे तात्या एकदा डोळे मिटूनच म्हणाले, "अक्का, माझा पाय आत्ता घरी जाऊन आला."

"व्हय? मग विहिरीवरची मोटार बंद करून आला का?"

तात्यांनी पायाची बोटं हलवून बघितली. मग म्हणाले, "न्हाय. तितं लाइटच नव्हती!"

*

माळेगावचे आबा आणि त्यांचे परगावचे व्याही. लग्नातल्या मानपानावरून तीन वर्षं अबोला. माझ्या गडबडीत दोघांना एकच वेळ दिली गेली! अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की मी पडद्यामागंच गेलो.

दोघं शेजारशेजारच्या टेबलांवर पालथे, तोंडं उशीत. थोड्या वेळानं एका उशीतून आवाज आला, "पाऊस झाला का तिकडं?"

दुसरी उशी म्हणाली, "झाला थोडा. नात चालती का?"

"पळती!"

वीस मिनिटं गप्पा. सुया निघाल्यावर मात्र दोघं पाठ फिरवून चपला शोधायला लागले. मी म्हणालो, "आबा, मिटलं म्हणायचं की आता!"

"कशाचं मिटलं? तोंड बघायचं न्हाय अशी शपथ हाय. बोलायचं न्हाय, असं कुठं ठरलंय?"

पुढच्या आठवड्यापासून दोघंही तीच वेळ मागायला लागले.

*

अक्का सुया मोजून लावायची, मोजून काढायची. एकदा तिला फोन आला आणि मी उतावळेपणानं पिंपळीच्या एका पेशंटला म्हणालो, "झालं, उठा!" तो पँट चढवून गेलासुद्धा.

"एक कमी हाय!" अक्का ओरडली.

मी गाडी काढली. गडी पिंपळीच्या फाट्यावर ताठ उभा. एसटीतून उभाच आला होता. म्हणाला, "आज बसावंसंच वाटंना, बघ."

पँट वर केली, तर गुडघ्यामागं सुई डोळ्यांना दिसत होती. काढावीशी फार वाटली, पण हात लावायचा नाही, हा अक्काचा नियम. मग त्याला गाडीवर आडवा बसवला. एक पाय रस्त्यावर फाटकासारखा लांब! समोरून येणारी ट्रॅक्टर-ट्रॉली थांबली आणि आम्हाला वाट दिली.

दवाखान्यात आल्यावर तो अक्काला म्हणतो, "राहू द्या की पोळ्यापर्यंत. दुखायचं थांबलंय!"

*

एका मंगळवारी इंदापूरहून येताना अक्का म्हणाली, "गाडी थांबव." उजनीचं पाणी लांबवर चमकत होतं. ती दगडावर बसली आणि स्वतःच्याच गुडघ्यामागं अंगठा दाबून धरला.

मी हसलो. "डॉक्टरच पेशंट व्हय!"

"हलवाई बी कधी पेढा चाखतोच की," ती म्हणाली, आणि पाण्याकडं बघत राहिली.

मी मोबाइलवर तिचा फोटो काढला. फोटोतही ती हसतेच आहे.

*

अक्काच्या मणक्यात गाठ निघाली. शेवटी शेवटी तिला पालथंही होता येईना. कुशीवर पडून असायची. सुई नको म्हणाली, गोळीही नको म्हणाली.

एका दुपारी मला म्हणाली, "ये. अंगठा ठेव."

मी हात पुसला. परत पुसला.

"वर न्हाय. गुडघ्याच्या मागं, घडीच्या मधी. हां, तितंच. दाबू नको, नुसता ठेव."

अंगठ्याखाली तिचा बारीक ठोका लागत होता.

"जमतंय का?" मी विचारलं.

"जमतंय की रं," ती म्हणाली आणि डोळे मिटले. अंग सैल झालं, कपाळावरची आठी गेली. बाहेर आई तांदूळ निवडत होती. ताटाचा आवाज येत होता.

मग कधीतरी तो ठोका मला लागेना. मला वाटलं, माझ्याच हातानं जोर झाला. म्हणून मी अंगठा आणखी हलका केला.