बोअरच्या पंपातलं मोटेचं कातडं

...आणि मी अजून तेच म्हणतो, फुकट कुणी कुणाला पाणी पाजत नाही. तुम्ही मला हॉटेलात चार जणांत संशयी म्हणालात, म्हणा. हा कागद त्याच हॉटेलच्या भिंतीला चिकटवा, म्हणजे मी माघारी बोललो असं व्हायला नको. बाहेरगावी कामाला गेलेल्या पोरांनाही वाचायला द्या, त्यांना अर्धीच गोष्ट कळली आहे.

मी कांडल्याच्या बंदरात पोती उतरवतो. दुष्काळात तुम्ही जी परदेशी लाल मिलो ज्वारी खाल्ली, तसली पोती माझ्या पाठीवरून गेली आहेत. त्यांच्यावर हातात हात दिल्याचं चित्र असतं... दुसरा हात कुणाच्या खिशात आहे, ते चित्रात दिसत नाही.

म्हणून परदेशी मदतीचं बोअरचं मशीन आपल्या गावात आलं, देवळापाशी खडक फोडून पाणी काढलं, वर हातपंप बसवला आणि निघून गेलं, हे कळल्यावर मला बरं वाटलं नाही. बिल नाही, कुणाचा अंगठा नाही. असं असतं का कुठं?

या उन्हाळ्यात सुट्टीवर आलो. वैरागला एसटीतून उतरलो, चालत गावात शिरलो, तर देवळापाशी पंप उभा आणि दांडा हाणला तरी थेंब नाही. गेल्या उन्हाळ्यात बिघडला तो तसाच. जो तो म्हणे, तो त्यांचा पंप आहे, हात लावला तर केस होईल, त्यांची जीप येईल तेव्हा बघतील. ‘ते’ म्हणजे कोण, हे मात्र एकालाही सांगता आलं नाही...

घरी वहिनी उंबऱ्यात पाय पसरून बसलेली. घोट्यातून नारू निघाला होता. दोऱ्यासारखा असतो तो, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजतो. पंप बंद पडल्यावर सगळं गाव परत पायऱ्यांच्या विहिरीवर गेलं होतं, आणि नारू त्याच पाण्यातून होतो असं डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं.

तिची पोरगी शाली तेव्हाही घागर घेऊन त्याच विहिरीवर गेली होती.

“औंदा माज्या पायात, फुडल्या साली शालीच्या,” वहिनी म्हणाली. मी त्या मशीनवाल्यांवर बोलायला लागलो, तर मला मधेच तोडून म्हणाली, “भावजी, पंप त्येंचा आसंल. पाय माजा हाय.”

सकाळी विहीर खोदणाऱ्या गड्यांकडून तीन वाशांचं तिकाटणं आणि कप्पी आणली. वजन उचलायचं काम मला येतं, दुसरं काही येत नाही. दादा आणि हॉटेलातलेच चौघे मदतीला आले. किराणा दुकानवाले गुरपादप्पा देवळाच्या कट्ट्यावर येऊन बसले, मदतीला नाही, बघायला.

“येनप्पा, काय रं, लई घाई हाय की तुला. बंदरावरच्या सायबानं कमिशन लावलंय काय?”

सगळे हसले. मग हसायचे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले... तसं मी पोत्यांकडे बघतो.

खरं सांगतो, त्या पंपात काहीतरी सापडेल असं मला वाटत होतं. काय, ते माहीत नव्हतं. वरचं झाकण काढलं, आतल्या बाजूचा रंग खरवडला, तर लोखंडावर अक्षरं ठोकलेली. मी जुळवून वाचली. सोलापूर.

परत वाचली. सोलापूरच. खडक फोडणारं मशीन परदेशाचं, पण पंप आपल्याच जिल्ह्यात घडवलेला. वर्षभर आपण सोलापूरच्या लोखंडाला भीत होतो.

पाइप वर घेतले तर तळाची, पाणी वर ओढणारी वायसर झिजून चिंधी झालेली. वाटीएवढी गोल, चामड्याची. गुरपादप्पा कट्ट्यावरून उठले.

“चामडं हाय की ह्ये. म्हंजी आमी चामड्यातनं आल्यालं पाणी पेलो व्हय?”

वहिनी लंगडत आली होती. “मामा, जलमभर मोटेचं पाणी पेलासा. ती काय तांब्याची हुती?”

“मोटेचं येगळं.”

“का वो?”

“ती आपली हुती.”

वहिनीनं दादाकडे बघितलं. दादा घरी गेला आणि माळ्यावरचं आमच्या जुन्या मोटेचं कातडं घेऊन आला. गावातल्या चपला शिवणाऱ्या कारागिरानं ते तेलात मळून, जुन्या वायसरच्या मापानं कापून दिलं. “घ्या, आता झाली का आपली?” वहिनी म्हणाली.

दिवस कलायच्या आत पाणी आलं. आधी तांबडं, मग स्वच्छ. गुरपादप्पा वास घेऊन निघून गेले... पण दुसऱ्या सकाळी त्यांची सून घागर घेऊन रांगेत होती. शालीच्या मागंच.

मी म्हटलं, घरटी थोडे पैसे काढा, चांगल्या वायसरी आणून ठेवू. तर लगेच, पैसे कुणाकडं राहणार, आणि ह्यालाच एवढी कळकळ का. बरोबर आहे. मीही हेच विचारलं असतं.

मोटेचं कातडं जुनं आहे, दिवाळीपर्यंत टिकलं तर टिकलं. परत येताना सोलापुरात तयार वायसरीचा भाव विचारून आलो आहे. मदत पाठवणाऱ्यांवर माझा संशय आहे, तो राहील. पण खडक त्यांनी फोडून दिला, दरसालची वायसर ते बदलायला येणार नाहीत, आणि शालीचा पाय त्यांच्या जीपची वाट बघणार नाही.

वायसरींसाठी मनिऑर्डर दादाच्या नावानं केलेली नाही, गुरपादप्पांच्या नावानं केली आहे. ज्या माणसानं दिवसभर माझ्या हातांवर नजर ठेवली, तो पैशावरही ठेवील. वायसरी घ्याल त्या दुकानाची पावती या कागदाशेजारी चिकटवा, मी पुढच्या सुट्टीत बघणार आहे. रुपये तीस.