दुधात पाणी

हे लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. कॉलेजात जातो खरा, पण इंटरला एकदा नापास झालो आहे. ज्या डॉक्टरांबद्दल लिहितोय त्यांना माझ्यापेक्षा जवळून ओळखणारी जाणती माणसं कोल्हापुरात पुष्कळ आहेत. त्यांनी लिहायला हवं होतं. पण मला जे आता कळलं आहे, ते त्यांना माहीत नाही. म्हणून धीर करतो. कुठं जास्त बोललो असेन तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या माळावर पोलंडच्या बायकामुलांची छावणी होती. त्या मुलांवर उपचार करायला डॉक्टर पहिल्यांदा तिथं गेले. पुढं ती माणसं निघून गेली आणि त्याच बराकींत सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं उतरली. डॉक्टर तिथंच राहिले. शहरातला त्यांचा दवाखाना अठ्ठेचाळीस साली गांधीजींच्या खुनानंतरच्या जाळपोळीत गेला होता. तो पुन्हा उभा करा, असं सांगायला लोक यायचे. डॉक्टर म्हणायचे, "आधी इथली रांग संपू दे." रांग काही संपत नव्हती.

ते बारीक, उंच आणि थोडे तुसडे होते. मुलांजवळ मात्र ते कधी मागून जात नसत. लांबूनच खोकत, चपला वाजवत यायचे. "ही पोरं दचकतात," एवढंच त्यांनी एकदा मला सांगितलं.

आमचं गाव छावणीला लागून. आमच्या चार म्हशी होत्या आणि वडील रोज छावणीत दूध घालायचे. मीही सायकलवर एक किटली अडकवून त्यांच्याबरोबर जायचो आणि तिथूनच पुढं कॉलेजला. वडील तालमीत वाढलेले. कुस्ती सुटून वीस वर्षं झाली तरी लोक त्यांना पैलवानच म्हणत. दुधानं बरं होत नाही असा आजार त्यांना ठाऊक नव्हता.

एकदा त्यांनी छावणीच्या चुलीवर आमचंच दूध उकळताना पाहिलं. डॉक्टरांचा माणूस त्यात तांब्यानं पाणी ओतत होता. वडील तिथूनच ओरडले, "आरं ए! काय चाललंय ह्ये?"

डॉक्टर बाहेर आले. "मीच सांगितलंय. निम्मं दूध, निम्मं पाणी."

"डॉक्टरसाहेब, आमच्या सात पिढ्यांत दुधात पाणी कुणी घातलं न्हाय."

"तुम्ही नाही घातलं, पैलवान. मी घातलं. पाप मला लागू दे."

"पण का?"

"या पोरांची आतडी उपाशी राहून वाळलीत. तुमचं दूध तुमच्यासारख्या रेड्यांना पचतं."

बाजूला कामाला आलेल्या गावच्या बायका हसल्या. वडील हसले नाहीत. घरी येऊन आईला म्हणाले, "पाणी पाजतोय पोरांना. मग काड्या हुतील न्हाय तर काय!"

"डाक्टर त्यो हाय का तुमी?" आई म्हणाली. "म्हशीला पेंड घाला जावा."

छावणीत एक नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. तिचे आईबाप वाटेतच गेले होते. तीन वर्षांचा भाऊ तिच्या कडेवर कायम असायचा. तो रडतही नसे. ती त्याला खाली ठेवायची नाही. कुणी घ्यायला हात पुढं केला की मागं सरायची. त्या पोराची मान काडीवर लिंबू ठेवल्यासारखी दिसायची. वडिलांची नजर रोज त्याच्यावर जायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांनी किटली घेतली नाही. म्हैसच सोडली आणि छावणीच्या कुंपणापाशी नेऊन उभी केली. आमच्याकडं शहरात दूधकट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, म्हणजे कुणाला शंका नको. तसंच त्यांनी केलं. पितळी पेल्यात फेसाळ दूध काढून त्या मुलीपुढं धरलं. "पाज त्याला," म्हणाले. तिला मराठी येत नव्हतं, पण ते कळलं. पोरानं पेला सोडला नाही. वडील माझ्याकडं बघून म्हणाले, "बघितलंस? ह्याला म्हनायचं दूध."

संध्याकाळी पोराला जुलाब आणि ताप. सकाळी डोळे खोल गेले होते. डॉक्टरांनी पेल्याचं सगळं ऐकून घेतलं. पोराला चादरीत गुंडाळून, बहिणीला बरोबर घेऊन ते मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जायला रेल्वेत बसले. वडील गाडीच्या खिडकीला धरून चालत राहिले, फलाट संपेपर्यंत.

डॉक्टर तिसऱ्या दिवशी एकटेच परतले. मुलीला मिरजेहून तिचे लांबचे काका घेऊन गेले होते.

"पोरगं?" वडिलांनी विचारलं.

"गेलं."

"माझ्या दुधानं?"

डॉक्टर बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "असेलही. नसेलही. मला माहीत नाही, पैलवान. खोटं कसं सांगू?"

त्या दिवसापासून वडील स्वतः दूध प्यायचे बंद झाले. छावणीत दूध घालत राहिले, पण चुलीकडं पाठ करून उभे राहायचे. मधूनच मला विचारायचे, "तुझ्या कालेजात ह्ये शिकवत्यात का रं? एका पेल्यानं मानूस मरतं का?" मी आर्ट्सचा विद्यार्थी. मी पुस्तकांत शोधलं. मला नीट उत्तर सापडलं नाही, आणि अर्धवट सांगायचा धीर झाला नाही.

पुढं कोरियात लढाई पेटली. तिथल्या अनाथ मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर हवेत असं कळल्यावर आमचे डॉक्टर निघाले. वडील निरोप द्यायला गेले तेव्हा त्यांनी पुन्हा तेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "परत आलो की बोलू." ते परत आले नाहीत. तिकडच्या तापात ते वारले, असं छावणीतल्या नर्सबाईंनी आम्हाला सांगितलं. वडील ओट्यावर बसून म्हणाले, "आता कुनाला इचारू?"

गेल्या वैशाखात वडीलही गेले. शेवटच्या आजारात आईनं चमच्यानं दूध पाजायचा प्रयत्न केला. त्यांनी तोंड फिरवलं.

या दिवाळीच्या आधी मी छावणीच्या जागी आता वसलेल्या बाजारात शर्टाचं कापड घ्यायला गेलो होतो. दुकानात गल्ल्यापाशी एक मुलगी बसली होती. माझ्याकडं बघत राहिली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "तू म्हैसवाल्या पैलवानाचा मुलगा ना?" तिचे काका तिला घेऊन पुन्हा इकडं आले होते, दुकान काढायला. तिनं वडिलांची चौकशी केली. मी सांगितलं. शेवटपर्यंत त्यांनी दूध घेतलं नाही, तेही सांगितलं.

मग कापडाची घडी घालता घालता, माझ्याकडं न बघता, ती म्हणाली की जुलाब आणि ताप भावाला दूध मिळायच्या चार दिवस आधीपासूनच होते. आजारी मुलांना छावणीत वेगळ्या बराकीत ठेवत. वेगळं केलं की माणूस परत भेटत नाही, एवढंच तिला तोपर्यंतच्या प्रवासात कळलं होतं. म्हणून ती रात्रीतून त्याचे कपडे धुऊन टाकायची आणि त्याला कडेवरून उतरवायची नाही. डॉक्टरांनासुद्धा तिनं हे सांगितलं नव्हतं.