गोदाआत्याची गार गाडी

गोदाआत्या माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या गाडीशी बोलायची. पाहुणा ओट्यावर टेकायच्या आत ही त्याच्या फटफटीच्या इंजिनाजवळ पालथा हात धरून उभी. मग पदराला हात पुसत विचारायची, "घरी समदे बरे हायेत का?" आणि त्याच दमात, "इंजन लय तापायलंय तुमचं. तेल कवा बदललं होतं?" पाहुणा बिचारा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं या विचारात पडे. आमच्या आईला याची भारी लाज वाटायची. मला कधी वाटली नाही. सगळ्या पंचक्रोशीत अशी आत्या दुसऱ्या कुणाकडे नव्हती, आणि हे मी शाळेत असल्यापासून लोकांना ऐकवत आलो आहे.

ती आमच्या वडिलांची, म्हणजे आबांची, धाकटी बहीण. पोखर्णीहून लग्न होऊन गेली ती थेट हैदराबादला. तिच्या यजमानांचं तिथं फ्रिज आणि थंड हवेची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. "पाटीवर नाव त्यांचं होतं, आतले हात माझे होते," असं ती सरळ सांगायची. नम्रपणा तिच्याजवळ औषधालाही नव्हता. कुणी त्यावरून टोकलं तर म्हणायची, "येतंय त्याला येत न्हाई म्हणणं, हे बी झूटच की. मी कामून झूट बोलू?"

मूलबाळ नव्हतं. यजमान गेले, दुकान तिनं जुन्या कारागिराच्या हवाली केलं आणि हत्यारांची पेटी मागच्या सीटवर टाकून, लुगड्याचा पदर खोचून, स्वतः अँबॅसिडर चालवत ती माहेरी परत आली. त्या गाडीत नवराबायकोनं मिळून थंड हवेचं यंत्र बसवलं होतं. पोखर्णीत त्या गाडीला सगळे 'गार गाडी' म्हणू लागले. शनिवारी नरसिंहाच्या दर्शनाला आलेले लोक जाताना आमच्या दारावरून वळसा घालत. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, यात बरफ कुठं ठिवता?" आत्या म्हणाली, "बरफ न्हाई काका, अक्कल ठेवते." म्हातारा खूश होऊन अर्धा तास आत बसून राहिला.

आबांना मात्र बहिणीनं गाडी हाकणं फारसं रुचलं नव्हतं. ते तसं बोलत नसत, पण तिच्याबरोबर परभणीला जायचं असलं की गाव ओलांडेपर्यंत डोक्यावरचा पटका पुढं ओढून बसत.

आता वैजूबद्दल सांगायला हवं. वैजू माझी धाकटी बहीण. जन्मापासून तिच्या अंगाला घाम म्हणून आलाच नाही. आपल्याला घामाचा कंटाळा. पण तो आला नाही तर अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि ऊन लागलं की वैजूला सणकून ताप भरे. आमच्या घरावर मातीचं जाड माळवद होतं. त्याच्या आतल्या खोलीत डोक्यावर ओला पंचा घेऊन ती अभ्यास करायची, आणि तिच्याइतका अभ्यास आमच्या घरात कुणी केलेला नव्हता. बारावीच्या परीक्षेला तिला परभणीत एका नातेवाइकांकडे ठेवलं. त्यांची खोली पत्र्याची. तिसऱ्या पेपरच्या आतच पोरगी तापानं फणफणली, आणि उरलेले पेपर ती दवाखान्यातल्या खाटेवर पडलेली असताना होऊन गेले.

आबांनी शिक्षण बंद केलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पोरगी हातची जाता जाता राहिली होती. वैजूनं वाद घातला नाही. तिनं पुस्तकं फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवून दिली, आणि तिचं सावलीसारखं वावरणं बघवत नव्हतं. शेवटी पुढच्या वर्षी फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा आत्याच आबांपुढं उभी राहिली. "मी नेते. माळवदातून गाडीत, गाडीतून वर्गात, वर्गातून परत माळवदात. उन्हाचं बोट लागू देणार न्हाई तिला."

आबांनी वैजूच्या खोलीकडं एकदा पाहिलं. म्हणाले, "गाडी गार असंल तरच. न्हाईतर पोरगी उंबरा ओलांडणार न्हाई. आणि ह्या बारीला न्हाई झालं, तर पुन्ना ह्या घरात परीक्षेचं नाव काढायचं न्हाई."

शिमग्याच्या आसपास, परीक्षा तोंडावर आली असताना, आत्या वैजूला बसवून नुसती चक्कर मारायला निघाली. मीही होतो. मी तेव्हा सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होतो आणि सुट्टीवर आलो होतो. गाव सुटतं न सुटतं तोच बॉनेटमधून किंचाळल्यासारखा आवाज आला, पट्टा जळाल्याचा वास सुटला आणि गार वारा थांबला. आत्यानं पट्टा कापून काढला, सगळ्या काचा उघडल्या आणि वैजूच्या डोक्यावर पाण्याची बाटली रिकामी करत आम्ही घर गाठलं.

कॉम्प्रेसर जाम झाला होता. गार गाडीचं काळीज ते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचं आणि गॅस दाबून नळ्यांतून खेळवायचं. आत्यानं तो काढून अंगणात उघडला. आत सगळीकडं लाकडावर राळ बसावी तसा पिवळसर चिकट थर होता. तिनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "आबा, हे करडीचं तेल हाय."

आबांचा चेहरा उतरला. मग सगळा उलगडा झाला. दिवाळीत आत्यानं नळीची एक गळती काढायला यंत्र उघडलं होतं आणि मधेच ती तापानं आडवी झाली. अंथरुणावरूनच आबांना म्हणाली होती, पेटीतल्या डब्यातलं तेल तेवढं त्यात घाल आणि बूच लाव. आबांनी डबा उघडला. त्या तेलाला ना रंग, ना वास. बहिणीच्या गाडीला असलं पाणचट तेल घालायचं? आबांनी घरच्या करडईचं, घाण्यावर स्वतः उभं राहून काढून आणलेलं तेल घातलं. आमच्याकडं त्याच तेलात भाजी व्हायची, तेच लेकरांच्या टाळूला, तेच दाराच्या बिजागरीला, तेच बैलगाडीच्या आसाला. आबांच्या लेखी त्याहून चांगली वस्तू जगात नव्हती.

"गोदे, मी चांगलं म्हणून घातलं," आबा म्हणाले.

"ते ठाव हाय म्हून तर तोंड आवरलंय!" असं म्हणून आत्यानं तोंड सोडलं. करडई तव्यावर लय गुणाची, पण आत कोंडून तापवली की तिचा डिंक होतो. एवढं विचारायला जीभ झडली होती का. "मी मेले नव्हते, नुसती तापले होते!" शेजारपाजारचे गोळा होईपर्यंत तिनं भावाला झोडपून काढलं. मग दम घेऊन म्हणाली, "आणि चूक माझी बी हाय. उघडं काम दुसऱ्याच्या हाती दिलं."

आबा भिंतीला टेकून खाली बसले. "संपलं मग. देवाच्याच मनात न्हाई."

"देवाला मधी घालू नको आबा. तेल तू घातलंस."

परभणीत गाड्या दुरुस्त करणारे खूप होते, पण गार हवेच्या यंत्राला तेव्हा तिथं कुणी हात लावत नसे. आत्या मला घेऊन त्याच रात्रीच्या आगगाडीनं हैदराबादला गेली आणि आपल्या जुन्या दुकानातून कॉम्प्रेसर घेऊन आली. परत आलो तर परभणी बंद. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या वर्षांत कधी कोणता रस्ता अडेल याचा नेम नसे. एसट्या जागच्या जागी उभ्या. शेवटी पोखर्णीकडं निघालेली एक बैलगाडी मिळाली. आत्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्रेसर घेऊन बसली आणि प्रत्येक खाचखळग्याला गाडीवानावर ओरडत राहिली. तो वैतागून म्हणाला, "बाई, हाय तरी काय त्यात एवढं?"

"माझ्या भाचीची परीक्षा हाय त्यात. दमानं हाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काम मांडलं. असं काम मी पुन्हा कुठं पाहिलं नाही. आधी तिनं अंगण झाडून घेतलं आणि धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडलं. लिंबाच्या सावलीत धुतलेलं धोतर अंथरलं. नट-बोल्ट ठेवायला आईचा मसाल्याचा डबा रिकामा करून घेतला; ज्या भागाचे बोल्ट, त्यांची वाटी वेगळी. आई धुसफुसत राहिली. उघड्या नळ्यांची तोंडं आत्या लगेच फडक्यानं बांधून टाकायची. "हवेत बी पाणी असतं. आत शिरलं की घात करतं."

शेजारचे जाणते म्हणाले, नवीन यंत्र आलंय तर बसव आणि मोकळी हो. आत्या म्हणाली, "आणि नळ्यांत चिकटलेला डिंक? नवी नवरी आणायची आणि जुन्या भांडणात ढकलायची का?" तिनं एकूण एक नळी सोडवली आणि आतून स्वच्छ पाझर येईपर्यंत पेट्रोलनं धुतली. मग कॉम्प्रेसर बसवला. पट्टा ज्यांवरून फिरतो त्या दोन्ही चाकांना सुतळी ताणून लावली आणि एक डोळा मिटून पाहिलं. सुतळी एका चाकापाशी जराशी उचललेली होती. बघणाऱ्यांना काही दिसेना. तिनं सगळं ढिलं केलं, कानस घेऊन आधाराची पट्टी घासली, पुन्हा सुतळी लावली, पुन्हा घासली. दुपार कलली तेव्हा सुतळी सरळ झाली आणि तिनं तेलाच्या डब्याकडं हात नेला.

आबा सकाळपासून गोठ्यात जाऊन बसले होते. जेवायलाही आले नव्हते. आत्यानं हाक मारली. ते आले आणि लांबच उभे राहिले. तिनं न फोडलेला तेलाचा डबा आणि माप त्यांच्यापुढं धरलं.

"घाल."

"मी नको गोदे. माझा हात लावू नको त्याला."

"तूच घालायचंस. न्हाईतर जन्मभर त्या गोठ्यात बसशील. इथपर्यंत वत, जास्त न्हाई."

आबांनी धोतराला दोनदा हात पुसले. मग डबा फोडून खुणेपर्यंत माप भरलं, आणि एक थेंबही बाहेर न सांडता त्यांनी माप रिकामं केलं. आत्यानं बूच घट्ट केलं. मला त्या क्षणी तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढं काम पूर्ण झाल्यावरही वाटला नाही. यंत्र काय, तिनं बसवलंच असतं. माणूस परत जागेवर बसवणं सगळ्यांना जमत नाही.

मग एका जुन्या फ्रिजच्या यंत्रानं तिनं नळ्यांतली हवा ओढून काढायला घेतली. मधेच लाईट गेली, तिनं वीज मंडळाचा उद्धार केला, लाईट आल्यावर पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा जागचा हलत नाही असं बघूनच गॅस भरला. सांध्यांवर रिठ्याचा फेस लावला. कुठं बुडबुडा आला नाही. गाडी सुरू केली. सुरुवातीला कोमट वारा आला, मग बरा, मग गार. आत्यानं वैजूला बोलावून तिचा हात त्या झोतापुढं धरला. वैजू आत्याच्या काळ्या झालेल्या हाताला कपाळ टेकवून उभी राहिली. आबांनी आत तोंड घातलं. "गार हाय," म्हणाले, आणि पटक्याच्या सोग्यानं डोळे पुसले.

परीक्षेचे सगळे दिवस गार गाडी परभणीत शाळेच्या भिंतीलगत सावली धरून उभी असायची. पेपर सुटायच्या आधी आत्या इंजिन सुरू करून गाडी गार करून ठेवायची. एका पालकानं खवचटपणे विचारलं, "पोरीचे लय लाड करायलाय बाई?" आत्यानं त्यांच्या चष्म्याकडं बोट दाखवलं. "हा तुमच्या आईनं लाडानं घातला का?" ते गृहस्थ पुढचे सगळे पेपर दुसऱ्या फाटकाशी उभे राहिले.

वैजू पास झाली, आणि चांगली पास झाली. आबांनी नरसिंहाच्या देवळापुढं पेढे वाटले. डोक्यावरचा पटका मागं सरकवून, छाती काढून, भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या गोदीनं घरच्या अंगणात मशीन बसवलं. हैदराबादचं हुन्नर हाय ते!" आत्या मागून ओरडायची, "आणि तेल आबानं घातलं!" आबा लाजायचे. पण कुणी आत्याला म्हणालं, की बाई, तुमी पोरगी पास केली, तर ती एकदम फटकारायची, "गाडी मी चालवली, पेपर तिनं लिहिला. ज्याचं त्याला द्या."

वैजू परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञान शिकली आणि तिथंच प्रयोगशाळेत लागली. गाडी चालवायला तिला आत्यानंच शिकवलं, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, भरपूर शिव्या देत.

काही वर्षांनी आत्या आजारी पडली. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक दिवस मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या. चैत्रातली भर दुपार होती. वैजू गाडी चालवत होती, शेजारी आबा, मागं माझ्या मांडीवर आत्याचं डोकं. पोखर्णीची शेतं दिसू लागली तसं ती म्हणाली, "जरा काच उघड गं. आपल्याकडची हवा लागू दे." मग तिचं तिलाच आठवलं. "नक्को. राहू दे. तुला सोसायचं न्हाई."

वैजूनं काच खाली घेतली. भट्टीतल्यासारखा वारा आत घुसला. त्याला कडब्याचा आणि तापलेल्या मातीचा वास होता. आत्यानं तो छातीभर ओढून घेतला. तिची नजर मात्र पुढच्या आरशावर होती, आणि आरशात वैजूचं तोंड लालबुंद होत चाललं होतं.

"बंद कर ती काच!" आत्या होता नव्हता तेवढा जोर लावून खेकसली. "माझा समदा गारवा रानात घालवायलीस!"

वैजूनं काच चढवली. आत्या त्यानंतर बोलली नाही. संध्याकाळी माळवदाच्या खोलीत तिनं प्राण सोडला. जाताना लोक देवाचं नाव घेतात म्हणे. आमची आत्या जाताना वैजूवर खेकसली, आणि मी हे कुणालाही ताठ मानेनं सांगतो.