डिकीतली दोन पोती

आबा हल्ली गाडीविषयी काही बोलत का नाहीत, असं तुम्ही नातवंडांनी मागे फोनवर विचारलंत. तेव्हा ते शेजारीच बसले होते म्हणून मी विषय बदलला. आता क्रमाने लिहिते.

तुमचे आबा गुरांचे डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी तळेघरच्या दवाखान्यात काढली. तिथे त्यांना सरकारी जीप होती. तिच्या इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळायचा. पावसाळ्यात भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या निसरड्या चढांवर ती जागच्या जागी चाकं फिरवत बसे. मग आबा मागे वाळूची पोती टाकू लागले. मागच्या चाकांवर वजन पडलं की ती जमीन धरतात. पोती नसली तर रस्त्यावरची माणसं मागे बसवायची. लोक हसत चढत, चढ संपला की उतरून आपल्या वाटेने जात. त्या चढांवर गाडी घालणं हे आबांच्या अभिमानाचं काम होतं. वर पोचले की स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचे, ‘हात शाबूत आहे.’

निवृत्तीनंतर आम्ही महाळुंगे पडवळला शेतात घर बांधलं. आबांची एक हौस मात्र राहून गेली होती. त्यांना बुटकी, लांब नाकाची, चार दारांची, वेगाने पळणारी गाडी हवी होती. तुमच्या बाबाने ती घेऊन द्यायची ठरवली आणि आम्ही दोघं पुण्याला शोरूममध्ये गेलो.

तिथे कळलं की तीच गाडी दोन प्रकारची मिळते. एकीत जोर मागच्या चाकांना, दुसरीत चारही चाकांना. बाहेरून दोन्ही सारख्याच. विक्रेत्या मुलीने दोन्ही चालवून पाहायला दिल्या. आबा मागच्या चाकांच्या गाडीतून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा मी लग्नानंतर इतका खुललेला क्वचितच पाहिला असेल.

‘हीच,’ ते म्हणाले. ‘पुढच्या चाकांनी वळायचं, मागच्यांनी ढकलायचं. ज्याचं काम त्याने करावं.’

‘बैल तर पुढून ओढतो,’ मी म्हटलं.

‘म्हणून तर बैलगाडीला रिव्हर्स नाही.’

ती मुलगीसुद्धा हसली. मी हसले नाही, कारण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. त्याआधीच्या पावसाळ्यात घोडेगावजवळ रस्त्यावर शेळी आली आणि आबांचा पाय ब्रेकवर जरा उशिराच गेला. शेळी वाचली. आबांना त्यात काही वावगं वाटलं नाही, मला वाटलं. तळेघरला त्यांचा एक जुना शेतकरी मित्र आहे. त्याच्याकडे ते दर महिन्याला जातात, त्याची आणि शेजाऱ्यांची गुरं तपासतात. मित्राचं घर डांबरी रस्ता सोडून एका मुरमाच्या चढावर आहे. पावसात तो चढ कसा होतो ते मला माहीत होतं.

मी बाहेर जाऊन तुमच्या बाबाला फोन लावला. तो तिकडे परदेशात बर्फात गाडी चालवणारा माणूस, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. चारही चाकांना जोर असला की एक चाक घसरलं तरी बाकीची सांभाळून घेतात. आई, तीच घे, तो म्हणाला, आणि आबांना कसं पटवणार ते विचारलं. पटवणार नाही, मी सांगितलं. चारही चाकांची घेतोय हे त्यांना सांगायचंच नाही, ही कल्पना सर्वस्वी माझी.

घरातले सगळे कागद मीच पाहते. मी बोट ठेवीन तिथे आबा सही करतात. गाडीबरोबर येणारी जाड पुस्तिका ते वाचणार नव्हते. जनावर असो की गाडी, ते हाताने तपासतात. राहिली मागच्या झाकणावरची चार चाकांची खूण. ती काढून द्या, असं मी त्या मुलीला सांगितलं. ती गोंधळली. लोक अशी खूण जास्तीची लावून मागतात, काढा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच, असं म्हणाली. पण काढून दिली.

गाडी गावात आली. शेजारच्यांनी नारळ फोडताना विचारलं, डॉक्टर, ही खाली बसलीय की पंक्चर झालीय? आबांनी तेही कौतुक समजून घेतलं.

पहिल्या पावसाळ्यात तळेघरला निघायच्या सकाळी ते डिकी उघडून उभे होते. पायाशी वाळूने अर्धी भरलेली दोन पोती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. ‘नव्या गाडीत वाळू सांडेल,’ एवढंच म्हटलं. ते म्हणाले, मग खोळ शिव. मी जुन्या चादरीच्या खोळी शिवल्या. चांगली दुहेरी शिवण घातली. तेव्हापासून पावसाच्या दिवसांत दर खेपेला ते कमरेवर हात ठेवून वाकायचे आणि एकेक पोतं छातीशी धरून डिकीत ठेवायचे. मी दारात उभी राहून पाहायचे. त्या पोत्यांचा गाडीला काही उपयोग नव्हता. चढाच्या पायथ्याशी ते उतरून डिकी उघडत, पोती सरकली नाहीत ना ते बघत, आणि मग गाडी घालत. गाडी शांतपणे वर जाई. वर पोचलो की स्टिअरिंगवर थाप पडे. ‘हात शाबूत आहे.’ मी शेजारच्या सीटवरून खिडकीबाहेर बघायचे.

गेल्या श्रावणात गाडी सर्व्हिसिंगला पुण्याला गेली होती. दुपारी मित्राचा फोन आला. गाय अडली होती, जवळचा डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेला. नेमका त्या दिवशी आबांचा पुतण्या पिंपरी पेंढारहून कांद्याचं बी घेऊन आला होता. त्याचा पिकअप अंगणात उभा होता, मागच्या चाकांवर चालणारा, आणि माल उतरवल्यामुळे रिकामा. पुतण्या म्हणाला, ‘काका, तुमी बसा, मी नेतो.’

‘तू त्या चढाला कधी गाडी घातलीस? मी दर महिन्याला घालतो.’

ते ज्या खात्रीने हे बोलले ती खात्री माझ्यामुळे आलेली होती. पुतण्याला चालवू द्या, एवढं वाक्य माझ्या तोंडाशी आलं. का, असं त्यांनी विचारलं असतं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, ‘सावकाश जा.’ घाईत पोती पडवीतच राहिली.

पुढचं मला पुतण्याने सांगितलं. चढाच्या पायथ्याशी मित्र इरलं घेऊन उभा होता. रिकामा पिकअप पाहून तो स्वतःच मागे चढला. ‘पोती न्हाईत तर मी बसतो वजनाला, डाक्टर. पूर्वी बसायचो तसा.’ पूर्वी तो तरणा होता आणि मागे सात-आठ जण असायचे. निम्म्या चढावर चाकं फिरायला लागली. आबांनी जोर वाढवला तसा पिकअप तिरका झाला, मागे घसरला आणि खाचराच्या दगडी बांधावर आदळला. मित्र उडून भाताच्या चिखलात पडला. मनगट मोडलं.

गाय मात्र सुटली. आबा उरलेला चढ चालत गेले आणि वासरू जिवंत बाहेर काढलं. मित्र तेवढा वेळ हात गमछ्यात बांधून गोठ्याच्या दारात बसून होता. शेवटी तोच आबांना म्हणाला, ‘डाक्टर, हात माझा मोडला आन् तोंड तुमी का पाडलंय?’

घरी येऊन आबांनी आमच्या गाडीची दुसरी किल्ली खिशातून काढली आणि खुंटीला लावली. ‘संपलं,’ ते म्हणाले. ‘हात गेला माझा.’

मुलांनो, त्यांनी गाडी चालवणं आपणहून सोडावं, असं मला किती दिवस वाटत होतं. ते आता झालं होतं. मी गप्प राहिले असते तर तसंच राहिलं असतं. आणि काही दिवस मी खरोखरच गप्प राहिले. त्यांना ताट वाढत होते, औषधं देत होते, आणि त्यांना आपण एकाएकी म्हातारे झालो असं वाटू देत होते. मित्राचं मनगट आणि हे दिवस, यांत मला जास्त काय टोचतं ते अजून ठरवता आलेलं नाही.

एका सकाळी ते जास्वंदीच्या आळ्यात पोती रिकामी करताना दिसले. खोळ फाडली नव्हती. माझी शिवण ब्लेडने एकेक टाका करून उसवत बसले होते. मी जवळ जाऊन सांगितलं. शोरूम, फोन, खूण, सगळं. पिकअप पूर्वीच्या जीपसारखा असतो, आपली गाडी तशी नाही. त्यात तुमचा दोष नव्हता, असंही त्यांना म्हटलं.

त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळलं.

‘म्हणजे त्या चढावर ही गाडी मी एकदाही चढवली नाही. ती आपली आपण चढली.’

मी उसवलेल्या खोळीची घडी घालू लागले.

‘बरं. माझी काळजी म्हणून केलंस, समजलं. मग ती पोती मला का उचलू दिलीस?’

याचं उत्तर माझ्याकडे होतं. ती थांबवायची तर खरं सांगावं लागलं असतं, म्हणून. पण ते त्यांच्यासमोर तोंडातून निघालं नाही. त्यांनी उरलेली वाळू आळ्यात पसरली आणि हात धुवायला गेले.

मित्राचं प्लॅस्टर निघालं त्या आठवड्यात आम्ही भेटायला गेलो. किल्ली आबांनीच खुंटीवरून काढली. पाऊस होता. चढाच्या पायथ्याशी त्यांनी सवयीने गाडी थांबवली, उतरले आणि डिकी उघडली. आत मित्रासाठी घेतलेला बेदाण्यांचा डबा तेवढा होता. जरा वेळ बघत राहिले, झाकण लावलं आणि येऊन बसले. गाडी वर गेली, नेहमीसारखीच, कुठेही न घसरता.

वर मित्र बरा झालेला हात हलवत उभा होता. थाप पडते का म्हणून मी स्टिअरिंगकडे बघत होते. आबांनी इंजिन बंद केलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मला म्हणाले, ‘उतर. डिकीतला डबा तू उचल.’