विहीर सखारामच्या रानात

अमेरिकेला निघालो त्या सकाळी गाडी दारात उभी होती, बॅगा चढल्या होत्या, आणि माझे वडील, आप्पा, म्हणाले, "चल, एकदा बांधावरून फिरून येऊ." मी नवे पांढरे बूट घातले होते. आप्पा पुढे चालत विहीर, ओढा, म्हसोबाचा शेंदरी दगड दाखवत होते आणि मी चिखल चुकवत फक्त खाली बघत होतो. "नीट बघून ठेव," ते म्हणाले. "हो आप्पा," मी म्हणालो. बूट अमेरिकेत स्वच्छ पोचले.

आता इथं अमेरिकेतल्या नोव्हाय शहरात माझी मुलगी मुक्ता आर्ट शिकते. तिनं मला ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रकारांच्या प्रदर्शनाला नेलं. भिंतभर ठिपके, वर्तुळं, वळणं. मी म्हणालो, "छान आहे. बेसमेंटच्या पडद्यांना शोभेल."

"बाबा! इट्स अ प्लेस!"

वर्तुळ म्हणजे पाणवठा, रेघ म्हणजे पूर्वजांची वाट, तिनं समजावलं. आणि ती जमीन ज्यांना वडीलधाऱ्यांकडून मिळाली, त्यांनीच ती काढायची. इतरांनी त्यांचे ठिपकेही उचलायचे नाहीत.

"सो, तू काय काढू शकतोस?"

मी रविवारी तिच्या रंगांनी, एकही ठिपका न देता, आमचं रान काढलं आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. लगेच आप्पांचा फोन.

"कुणाचं रान आहे हे?"

"आपलंच."

"मग आपली विहीर सखारामच्या रानात कशी गेली? तो आहे ना ग्रुपवर! आधी काढून टाक तो फोटो!"

सखारामकाका म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ आणि बांधाला बांध असलेले शेजारी. त्यांनी तोवर लिहिलंही होतं, "पुतण्यानं अगदी बरोबर काढलंय."

मी हसलो. आप्पा हसले नाहीत. "माझ्यामागं तुला बांध कोण दाखवणार रे?"

पुढच्या शनिवारी, आमच्या सकाळी आणि त्यांच्या संध्याकाळी, ते व्हिडिओ कॉल लावून पुन्हा बांधावरून चालले. निम्मा वेळ मला त्यांचा कानच दिसत होता. धाप लागली की थांबायचे आणि चिंच बघायला थांबलोय असं सांगायचे. मी विचारत होतो, काढत होतो, खोडत होतो. म्हसोबापाशी आल्यावर म्हणाले, "पायातलं काढ."

बेसमेंटच्या कार्पेटवर मी सपाता काढल्या. शेजारी उभ्या मुक्तानं काही न विचारता आपले मोजेही काढले.

विहीर आता आमच्या हद्दीत आहे. चित्र हॉलमध्ये लावलंय, ग्रुपवर नाही. पाहुणे म्हणतात, "मस्त अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आहे, यार." गावाकडं घर कुठं, असं कुणी विचारलं की मी त्यांना त्या चित्रापाशी नेतो. पण आधी बूट काढायला सांगतो.