भुरीबाईच्या घुगऱ्या

भुरीबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, पण आर्णीजवळच्या तिच्या बंजारा तांड्याला त्याचा पत्ताच नव्हता. बाई कोणाला सांगेल तर ना! तिला ते धुकं आवडू लागलं होतं. त्यात पळस विरघळून जायचे, बैल पाण्यातून चालल्यासारखे यायचे, आणि आजीने सांगितलेले, मिठाच्या गोण्या वाहणारे जुने तांडे सकाळी दारावरून जाताना दिसायचे. फक्त सुईत दोरा जाईना. कांचळीवर, अंगातल्या चोळीवर, आरसे टाकणं बंद पडलं, तेव्हा मात्र सुट्टीवर आलेल्या नवऱ्यापाशी ती रडली.

नवरा देवसिंग नागपूरला कापडगिरणीत होता. पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जात, आणि त्यावर तो महिन्याच्या महिन्याला कुरकुरे. आता घरच्यांवरही विम्यात उपचार होतात हे कळलं, तशी त्याची कुरकुर थांबली. तो तांड्यावर आला आणि बायकोला घेऊन गेला. विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळे तपासून चिठ्ठी दिली, आणि मोठ्या इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं.

गाडं अडलं ते घुगऱ्यांवर. कानशिलांपाशी केसांत गुंफलेल्या या चांदीच्या घुगऱ्या तांड्यातली बाई लग्नात घालते, आणि त्या उतरतात नवरा गेल्यावरच. नर्स म्हणाली, "डोकं हलू नये म्हणून दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावायच्यात. हे काढा."

"डोये गेले तं गेले," भुरीबाई म्हणाली. "हे जित्ते हायेत. मी घुगऱ्या कायले उतरवू?"

नर्सने समजावलं, मग ती रागावली. भुरीबाई भिंतीकडे तोंड करून बसली. शेवटी देवसिंग तिच्याजवळ वाकला.

"माह्या हातानं सोडल्या तं त्याले उतरवणं म्हनत नाही. मी दाराभाईर बसून वाजवत राह्यतो. वाजून राह्यल्या तोवर मी हावो."

असा रिवाज कुठल्याच तांड्यात नव्हता. गड्याने तो तिथल्या तिथे रचला होता, हे भुरीबाईलाही कळलं. तरी तिने डोकं पुढे केलं.

डोळा बधिर झाला. दाराबाहेर छुनछुन सुरू होती. त्या नादात तिला आजीचे बैल दिसू लागले. गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर गोण्या, सगळे संथ चाललेले. आणि एकाएकी आवाज थांबला.

बैलही थांबले. डोकं हलवायचं नव्हतं, ओरडायचं नव्हतं. चादर मुठीत धरून ती पडून राहिली. इतकी भीती तिला जन्मात वाटली नव्हती.

दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून बाहेर आणलं, तसं तिने विचारलं, "काहून थांबले?"

"डोया लागला," देवसिंग ओशाळून म्हणाला. "रातपाळी करून आलतो."

"मारूनच टाकलं मले तुमी."

पुढचे सगळे दिवस ती पट्टीच्या अंधारात निजून होती, आणि तो पाळी संपली की उशाशी बसून मुकाट्याने वाजवत होता. वॉर्डातल्या बाया हसायच्या.

पट्टी सुटली. डोळे दिपवणारा उजेड ओसरला, मग समोर देवसिंग दिसला. तिच्या धुक्यातला देवसिंग काळ्याभोर केसांचा होता. याच्या डोक्यावर गिरणीची रुई बसली होती. असाच निघून आला वाटतं, झटकलंही नाही. तिने हात लांबवून ती झटकली, पुन्हा झटकली. रुई निघेना.

भुरीबाईचा हात त्या पांढऱ्या केसांवरच राहिला.

"घुगऱ्या बांधा," ती म्हणाली. "घट्ट बांधा."