ऑरिन काही बोलला नाही

आमचा डेप्युटी शेरीफ ऑरिन थिबो म्हणजे तोंडाला कुलूप. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या आमच्या डोंगरात, जिथे शिंक आली तरी शेजारी विचारपूस करतो, तिथे हे आश्चर्यच. मी त्याच्याच ऑफिसात वायरलेसवर बसते, म्हणून सांगते.

मेपलच्या झाडांचा गोड रस आटवून पाक करायच्या हंगामात पाकाची पिंपं चोरीला जाऊ लागली, आणि जवळच्या रस्त्यावर पहाटे वेंडेल कॉबचा ट्रक दिसला. वेंडेल म्हणजे ऑरिनचा लहानपणापासूनचा दोस्त! ट्रकला माग काढणारं यंत्र लावायचं ठरलं, पण आमच्या जज्जबाई कडक. संशयाचं कारण शपथेवर ऐकलं, मगच वॉरंट दिलं. वर बजावलं, "यंत्र दिवसाउजेडी लावा, मुदत संपली की काढा, आणि नंतर वेंडेलला तसं कळवा."

चोर दुसराच कुणी निघाला. पण वेंडेल पहाटे कुठे जातो, हे ऑरिनला कळलं. गावाला तर तेच हवं होतं! मी कॉफी पाजून पाहिली.

"बाई, वॉरंट चोरीचं होतं, चहाड्यांचं नाही," तो म्हणाला.

पण यंत्राचं वेंडेलला कळवायचं राहिलं होतं. दोस्ताला कोणत्या तोंडानं सांगायचं? शेरीफ म्हणाला, "जज्जबाईंकडून कळवायची मुदत वाढवून घे."

"कारण काय सांगू? मला लाज वाटते म्हणून?"

चर्चच्या हॉलमध्ये बर्फावर गरम पाक ओतून खायचा कार्यक्रम होता, सोबत डोनट आणि आंबट काकड्या. तिथेच ऑरिननं वेंडेलच्या हातात नोटीस ठेवली. वेंडेलनं ती वाचली.

"म्हणजे मी तुला चोर वाटलो?"

"वाटलास. चुकलो."

"आणि मी कुठे जातो, ते कुणाकुणाला सांगितलंस?"

"कायदा म्हणतो तुला सांग. तुला सांगितलं."

वेंडेल लालबुंद झाला आणि ऑर्गन वाजवणाऱ्या विधवा हेझलकडे वळून ओरडला, "हेझल! अगं, आपलं प्रकरण कोर्टात पोचलंय. आता लग्नच करावं लागणार!"

"मग कर की मेल्या! मी कधीची वाट बघतेय," हेझल म्हणाली.

हॉल हसून हसून लोळला. मी तर रडलेच. वेंडेलनं ऑरिनच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. "लग्नात माझ्या बाजूला तूच उभा राहायचंस. एवढं पोटात ठेवणारा दुसरा कुठून आणू?"

ऑरिननं वेंडेलच्याच ताटातला डोनट उचलला आणि खायला लागला.